खून माझ्याच मुलानं केलाय

...आणि प्रेत म्हणे जिन्यावरून खाली नेलं! भर दुपारी! तेही आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या इमारतीत! तुम्हाला सांगते, आमच्याकडे कुणी किलोभर मटण आणलं तरी समोरची इकराम दार उघडून विचारते, "पाहुणे येणार वाटतं?" आणि ह्या मालिकेत गेल्या वर्षी अख्खा माणूस चटईत गुंडाळून नेतात, पाय बाहेर लोंबतायत, आणि एक बाई डोकावत नाही? लिहितं कोण हो हे?

पूर्वी असं नव्हतं. दर रमजानला रोजा सोडायचा, सूप प्यायचं आणि पोलिसातल्या मेजर झैनहूमची मालिका लावायची. नवरा गावाला गेलेला, आणि बाईनं बाल्कनीतून टोपली सोडून भाकऱ्या मागवल्या त्या दोघांच्या! एवढ्यावरून झैनहूमनं खुनी पकडला होता. ह्याला म्हणतात लिखाण! आता संध्याकाळचा भाग सकाळी लिहितात. नटाच्या तोंडाला पावडर लागत असते तेव्हा त्याच्या हातात कागद येतो, तळणीतून काढल्यासारखा गरम... आणि तसाच कच्चा!

पण यंदा मी तोंड मिटून बसले होते. का? अहो, यंदाचा खुनी माझा शहाता! पोटचा पोर! इतकी वर्षं त्या मालिकेत कधी चहावाला, कधी गर्दीतला माणूस, एकदा तर प्रेत... आणि काय प्रेत हो! नाकावर माशी बसली, पण हललं नाही! यंदा पहिल्यांदा नाव असलेलं काम. मी काही गावभर सांगितलं नाही. फक्त इकरामला. आणि खाटकाला. आणि मशिदीबाहेर रोजा सोडायला टेबलं मांडतात ना, तिथल्या दोन-तीन टेबलांना. म्हटलं, नीट बघून ठेवा, गच्चीवरून त्या सावकाराला ढकलणारे हात माझ्या दुधावर वाढलेत!

झालं! जो तो मोबाईलवर लिहायला लागला, खुनी शहाताच. आणि लेखक घाबरले! लोकांनी ओळखलं म्हणून खुनीच बदलला! आणि केलं कुणाला? झैनहूमच्या आईला! ती बाई पहिल्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीत आहे हो! इमारतीला लिफ्ट नाही! गच्चीवर गेली कशी, उडत? लिहितं कोण हे?

मी तडक स्टुडिओत गेले. लेखक, तो उस्ताद नाजी, डोळे तांबारलेले, म्हणतो, "मावशी, तुमचा मुलगा निर्दोष ठरला. आनंद माना."

"निर्दोष? तोंड सांभाळून बोल! खून माझ्याच मुलानं केलाय!"

"मावशी, पुरावा काय?"

"पहिल्या भागात गच्चीचं दार ओढून घेताना त्याची मान बघ! अशी मान निर्दोष माणसाची असते?"

बिचारा म्हणाला, "मान चांगली होती, मावशी." होतीच! पण कागद बदलेना मेला.

शेवटच्या भागाला अख्खी इमारत माझ्या घरात. शहाता तुरुंगातून सुटला आणि इकरामनं लग्नघरात बायका जीभ हलवून काढतात तसा आनंदाचा आवाज काढला, "लुलुलुलु! मुबारक गं, शहाताच्या आई! पोरगा सुटला!" खाटकानं कतायेफ पाठवले, साखरेच्या पाकातले. माझ्या घशाखाली एक उतरला तर शपथ!

पण तुम्ही त्याचं रडणं बघितलंत? तुरुंगाच्या दारात? तो सुटलेल्या माणसासारखा नाही रडला. गुन्हा लपवून सुटलेल्या माणसासारखा रडला! मी शेजारी बसलेल्या माझ्या पोराकडे वळून बघितलं, तर हळूच म्हणतो, "आई, मी त्याला माझ्यापुरता खुनीच ठेवला होता." काय छाती भरून आली म्हणून सांगू! ते काहीही लिहोत, माझ्या पोरानं खून सोडला नाही!

पण हे बाजाराला कोण सांगणार? ईदच्या खरेदीला गेले, तर सगळे त्या खुर्चीतल्या बाईचं कौतुक करतायत, ती स्वतःच खरेदीला आलेली, तिच्याबरोबर फोटो काढायला रांग. मी आपली कांदे घेतले आणि घरी आले. निर्दोष पोराच्या आईला कोण विचारतं हो?