परतीची सीट

सुग्राबी : तिघं वर आभाळात अडकले आन् त्यायले खाली आणणारं विमानच नाई! हे सांगून तू माह्या मनाले धीर देऊन राह्यली का?

अतिया : अम्मी, पुरं आयक तं खरी. फेब्रुवारीत ते एक अंतराळात जाणारं विमान खाली येता येता तुटलं, म्हणून बाकीचीबी उभी करून ठेवली. पण त्या तिघायची परतीची गाडी तिथंच, अंतराळस्थानकाच्या दाराले लागून होती. रशियाची. जुनीच पद्धत, लहानशी.

रहेमान : म्हंजे एक बंद पडली तं दुसरी हजर. शहाणे लोक हायेत.

सुग्राबी : तुमी जीपखालीच राहा. गाडीचं नाव निघालं का तुमचं तोंड सुटते.

(बाभुळगावात रहेमान मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे घराचंच अंगण. एका कोपऱ्यात तो गाड्या उघडतो, दुसऱ्यात सुग्राबी गाद्या भरते. घरात शेवटचा शब्द तिचाच. पण आज बाप-लेक एक झाले होते, आणि हातातलं दाभण ती जरा जास्तच जोरात ओढत होती.)

सुग्राबी : त्या तुटलेल्या विमानात आपल्या देशातली एक पोरगी होती. रेडिओवर आयकलं म्या. तिच्या मायनंबी मोठ्या कौतुकानं धाडलं असन. आली का ती?

अतिया : नाई आली, अम्मी.

सुग्राबी : मंग?

रहेमान : सुग्रा, आपली पोरगी पुण्याले चालली. आभाळात नाई.

सुग्राबी : माह्यासाठी दोन्ही सारखंच. यवतमाळच्या कॉलेजात काय वाईट हाये? संध्याकाळच्या यष्टीनं घरी तं येता येते.

अतिया : मले जे शिकायचं ते तिथं नाई ना. पुण्याले नंबर लागला, होस्टेल भेटलं. सोमवारी हजर नाई झाली तं जागा जाते.

सुग्राबी : आन् तिथं ताप आला, मन नाई लागलं, तं कोण आणन तुले?

रहेमान : मी आणीन.

सुग्राबी : कशात? या जीपमंधी? चाकं काढून इटांवर उभी हाये. कोंबडी अंडे देते तिच्यात!

रहेमान : मंग काय कोंबडीले भाडं मागू? कपाशी अळीनं खाल्ली, उरली तिले भाव नाई. मजूर न्यायले कोणी जीप सांगतच नाई, तं उभी केली. गाडी खराब नाई, वक्त खराब हाये.

सुग्राबी : ते तिघं? आले का खाली?

अतिया : मागच्या महिन्यात आले. गाडी चुकली जराशी. ठरल्या जागेपासून चारशेच्या वर किलोमीटर दूर, माळरानात उतरली. लवकर सापडतच नव्हते. पण तिघंबी सुखरूप.

रहेमान : म्हंजे निघाले उमरखेडले आन् उतरले हैद्राबादले.

सुग्राबी : हासू नका. तेवढा वेळ त्यायच्या मायांचं काय झालं असन!

अतिया : पण नियम पाह्य ना. वर जितके माणसं, तितक्या सीटा परतीच्या गाडीत. आन् सीटबी ज्याची त्याची. आधी माणसाले बसवून त्याच्या पाठीचं माप घेतात, मंग त्याच मापाची गादी करतात. गाडी जमिनीवर आदळली तं पाठीले मार नाई बसला पाह्यजे.

सुग्राबी : गादी? रुईची?

अतिया : रुईची नाई गं. पण तू शेजारच्या मथुराबाईच्या कमरेसाठी भरली होती ना, तिले घडीघडी बसवून? तशीच.

सुग्राबी : तिचं दुखणं गेलं त्यानं.

अतिया : अम्मी, मलेबी भेव वाटते. तुले सांगतलं नाई इतकंच. पण आपल्याले घ्यायले कोणी येते, हे माहीत असलं का माणूस जाऊ शकते.

सुग्राबी : ...ओ अतियाचे अब्बा. ही जीप कधी चालू होते?

रहेमान : इंजिनाले काई झालं नाई. बॅटरी अन् टायर पाहा लागते. रविवारपर्यंत होते.

सुग्राबी : पुण्यापर्यंत जाईन?

रहेमान : जाईन. रस्ता चुकलो तं इचारत इचारत जाईन. पण पोरीले घेतल्याबिगर वापस येणार नाई.

अतिया : अब्बा...

सुग्राबी : तू रडू नको. रडायचं काम माह्यं हाये. आन् हो, जीपची समोरची सीट फाटेल हाये, स्प्रिंगा टोचतात.

रहेमान : पोतं टाकतो त्याच्यावर.

सुग्राबी : पोतं? माही पोरगी पुण्याहून पोत्यावर बसून येईन? घरात एवढी रुई पडली हाये, यंदा गाद्या तरी कोण भरून घेते!

अतिया : म्हंजे मी जाऊ?

सुग्राबी : आधी इथी बस. सरळ, पाठ टेकून. माप घेऊ दे.