आयतवारची गोष्ट

जुईली : मावशी, पाहुण्यांचा चहासुद्धा झाला. सगळे अंगणात सतरंजीवर बसून तुमची वाट बघतायत. चला ना.

सुभद्रा : मी नाई येत. माग दाखव, सूत दाखव, त्याईले विनाले बसव. गोष्ट मी आज सांगत नाई.

जुईली : बरं वाटत नाहीये का?

सुभद्रा : तब्येतीले काई झालं नाई मा.

खुशालराव : वयनी! ओ वयनी! काय चालून राह्यलं घरात? थे पुन्याची मंडयी घडी पाहून राह्यली.

जुईली : खुशालकाका, मावशी म्हणतात आज नत्थुजींची गोष्ट सांगायची नाही.

खुशालराव : काहून? कोनी काई बोललं काय? अवो, हे लोक गाडी करून इतक्या दूर येतेत कायच्यासाठी? सतरंजी त दुकानातबी मियते. तुमची गोष्ट आयकाले येतेत. मी अकोल्यात जुन्या शहरात हातगाडी लोटत होतो, वयनी. इकडे माह्या मागावर कोंबड्या बसत. तुमच्या गोष्टीनं लोक आले, सतरंज्या गेल्या, म्हनून मी घरी आलो. आज गावात पाच माग सुरू हायेत.

सुभद्रा : मले ठाऊक नाई काय, भाऊजी? म्हनूनच त दोन वर्सं झाले सांगून राह्यली. दर आयतवारी गोष्टीत आमचे मालक माग बंद करून धामनगावले जातेत. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर राखनीले बसतेत. थंडीत एकटे मरतेत. अन् सोताच्याच हातच्या सतरंजीत गुंडायून घरी येतेत. दर आयतवारी मी त्याईले आनतो अन् दर आयतवारी मारतो.

जुईली : मावशी, असं नका ना म्हणू. पहिल्यांदा तुम्ही मला हे सांगितलंत, तेव्हा मी अमरावतीला जाईपर्यंत बसमध्ये रडत होते. वाटलं, हे लोकांनी ऐकायलाच हवं. म्हणूनच तर मी इथे पाहुणे आणायला लागले.

सुभद्रा : तवा तू एकली होती. चुलीपाशी बसलो होतो आपन, भाकर करता करता मी बोलत होती. तुह्या डोयात पानी आलं, माह्याबी आलं. थे सांगनं होतं, पोरी. आता थे सांगनं नाई राह्यलं.

जुईली : काय झालं? खरं सांगा.

सुभद्रा : मांगच्या आयतवारी तू त्या बायकाईले घेऊन सूत रंगवाले गेलती. इथं एक चष्मेवाला पोरगा होता मोबाईल धरून. माही गोष्ट झाली. मी डोये पुसले. थो मने, मावशी, मोबाईल बंद पडला होता. परत एकदा सांगा ना. सगळं नको, तुम्ही रडल्या ना, तिथून.

जुईली : अरे देवा. मग?

सुभद्रा : मंग काय? सांगतलं तिथून.

खुशालराव : अन् तुमी आमाले बोललाबी नाई? त्याचा मोबाईल मी आडात फेकला असता!

सुभद्रा : त्याचा राग नाई आला, भाऊजी. थो त लेकरू हाय. मी तिथून सांगतलं, अन् बराबर तिथंच रडली. डोयाले पानी आलं पन मनात काईच नोतं. थे लागलं मले. अन् आता डोये मिटले त थे दिसतच नाईत. मीच दिसतो, अंगनात बसून सांगतानी. पेटीतला त्याईचा फोटो काढून पाह्यला. कोन्या परक्या मानसाचा वाटला.

जुईली : मावशी...

सुभद्रा : हा एकच मानूस होता माह्यापाशी. थोबी वाटून टाकला.

जुईली : मी बाहेर जाऊन सांगते त्यांना, आज गोष्ट होणार नाही म्हणून.

खुशालराव : थांबा मॅडम. तुमी नोका जाऊ. नत्थूच्या बाजूले, एका मागावर बारा वर्सं मी बसलो. मी जातो.

(खुशालराव बाहेर जातात. अंगणातला त्यांचा आवाज घरात ऐकू येतो.)

खुशालराव : रामराम मंडयी! वयनी आज बोलनार नाईत, मलेच आयका. मले काई त्याईच्यासारखं सांगता येत नाई. नत्थू माहा जोडीदार. मोठ्या सतरंजीले दोघं लागतेत, याची पट्टी वाकडी गेली त त्याचीबी जाते. अन् हा विनतानी गाये! आवाज असा, का गल्लीतले कुत्रे उठून जात. गिऱ्हाइकानं पट्टी वाकडी हाय म्हनलं, का हा पह्यले माह्याकडे बोट दाखवे!

सुभद्रा : खोटं बोलून राह्यले भाऊजी. थे तसे नोते.

जुईली : नव्हते?

सुभद्रा : ...होते.

खुशालराव : चांदूर बाजारले गेलो त पह्यले भजे खाये. त्याच तेलकट हातानं सतरंजीची घडी उलगडे. डाग पडला का गिऱ्हाइकाले मने, हे आमचं नवीन डिझाईन हाय!

सुभद्रा : हो वं! त्या डागापायी मी त्याईच्याशी बोलली नोती. मंग मले मनवाले पुडीत भजे बांधून आनले, थेबी गार. दारात उभे राह्यले, मिशीले बेसन लागलेलं...

जुईली : मावशी, बसा. पाणी देऊ?

सुभद्रा : नोको. दिसले मले.

(थोड्या वेळाने खुशालराव घरात परत येतात.)

खुशालराव : गेली बापा गाडी एकदाची. दोघंचौघं हसले. एक पोरगी मोबाईलच पाहत होती. अन् एका बाईनं इचारलं, त्या रडणाऱ्या मावशी कुठे आहेत?

सुभद्रा : काय सांगतलं तुमी?

खुशालराव : म्हनलं, अशा कोनी इथं राहत नाईत.

जुईली : चूक माझीच आहे. जाहिरातीत मीच तसं लिहिलंय. आज ते काढून टाकते. पण काका, पुढच्या वेळी लोक कमी येतील, बरं का.

खुशालराव : येतीन कमी. थे आपन पाहून घेऊ. जातो वयनी, आता माह्यासंग विनते थे पौर्णिमा एकलीच मागावर बसली असन. आनखी लय हाय माह्यापाशी नत्थूचं. सांगीन मंग.

सुभद्रा : सगळं एकदम नोका सांगू, भाऊजी. पुरवून पुरवून सांगा.

जुईली : मावशी, माझी बस आहे आता. निघू?

सुभद्रा : निघ. अंधार होते मंग.

जुईली : तुम्ही काय कराल?

सुभद्रा : काय करतो? गाडी गेली का अंगन लय मोठं होते. तुमी लोक येन्याच्या आंधी नोतं होत तसं.

जुईली : मग आज राहते मी. आईला फोन करून सांगते.

सुभद्रा : राह्य. पन काई इचारू नोको.