चौथं स्टिअरिंग

…नाही, पण मी काय म्हणतो, घरात खेळणारी माणसं दोन आणि स्टिअरिंगं आणली चार? तीही गाडीची नव्हेत, टीव्हीवरच्या रेसच्या गेमची! तुम्हाला सांगतो, आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवतायत, निम्म्या गावाचा हात त्यांनी बसवलाय, आणि सख्ख्या बायकोला मात्र गाडीची किल्ली देत नाहीत. तिच्याकडे लायसन्स आहे, बरं का! पण किल्ली मागितली की यांचं आपलं एकच, अजून हात बसला नाही तुझा. शेवटी एका रविवारी ती फारच मागे लागली, तेव्हा भाऊजी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, या गेममध्ये मला हरव आणि घे किल्ली.

हरवलं की तिने! पहिल्याच फटक्यात! मग भाऊजी हातातला तो बटणांचा कंट्रोलर उलटासुलटा करून बघत म्हणाले, हे काय खेळणं झालं, ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग पाहिजे, ही रेस धरायची नाही.

झालं. पहिलं आणलं ते साधं, आत रबर असलेलं, वळवून सोडलं की फटकन सरळ. भाऊजी हरले. का? तर दोष स्टिअरिंगचा! दुकानदार बिचारा काकुळतीला येऊन सांगतोय, 'साहेब, असल्या धूमधडाका गेमला हेच बेस्ट हो, थोडंच फिरतं, पटकन वळतं...' पण ऐकतील तर शपथ. दुसरं आणलं, त्यात मोटर आणि दातेरी चाकं, रस्ता खराब लागला की हातात नुसती खडखड. ताई म्हणाली, मिक्सर चालू राहिला की काय म्हणून मी मध्येच स्वयंपाकघरात जाऊन आले, आणि येऊन जिंकले. दोष स्टिअरिंगचा! तिसरं पट्ट्यावर चालणारं, लोण्यासारखं मऊ, पण खऱ्या गाडीसारखे वेढेच्या वेढे घेणारं, म्हणजे यांचे वेढे पुरे होईपर्यंत वळण संपून समोर भिंत आलेली असायची. आणि दोष कुणाचा? सांगा, आता तुम्हीच सांगा! मग चौथं, थेट मोटरवरच बसवलेलं, ते तर असे हिसके देतं की टेबलासकट अंगावर येतं.

त्या दिवशी मी नेमका तिथे होतो. रेस सुरू झाली, मी आपला चप्पल शोधायला टेबलाखाली वाकलो, आणि बघतो तर काय, स्टिअरिंगबरोबर आलेल्या पेडलांपैकी भाऊजींचा पाय ब्रेकवर! सारखा! ॲक्सिलरेटर अगदी कोरा करकरीत! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, शिकवायच्या गाडीत यांच्या पुढ्यात क्लच आणि ब्रेक, एवढंच असतं, ॲक्सिलरेटर नसतोच. इतकी वर्षं दुसऱ्याने पळवायचं आणि यांनी थांबवायचं... पायाला दुसरं काही येतच नाही, तिथे स्टिअरिंग बिचारं काय करणार?

मी ते बोलून गेलो. ताईने गेम थांबवला आणि हात पुढे केला. या वेळी भाऊजींनी स्टिअरिंगला नाव ठेवलं नाही. खिशातून किल्ली काढली, पण मूठ काही उघडेना.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "शिकणारे काय वाट्टेल ते करोत, माझ्या पायाखाली ब्रेक असतो. तू एकटी निघालीस तर मी काय दाबू?"

ताईला सुद्धा भरून आलं. मग तिने त्यांची बोटं एकेक सोडवून किल्ली घेतली, हळूच, पण घेतलीच, आणि म्हणाली, पोचल्यावर फोन करेन.

तेव्हापासून ताई रोज गाडीने ऑफिसला जाते. भाऊजींनी चारही स्टिअरिंगं दुकानात परत केली. दुकानदार म्हणाला, 'साहेब, या चौथ्याचं ब्रेकचं पेडल राहिलं की हो घरी?' हे म्हणाले, राहू दे. ते आता जेवणाच्या टेबलाखाली असतं. सकाळी ताईची गाडी फाटकाबाहेर पडली की हे चहा घेऊन तिथे बसतात, पाय ब्रेकवर, आणि तिचा फोन येईपर्यंत उचलत नाहीत. मी समजावलं, चिडवलं, शेवटी नाद सोडला.

तर काल ताई मला बाजूला घेऊन म्हणते कशी, अरे, गाडी जरा मेकॅनिकला दाखवून आण ना... रोज सकाळी फार जड चालते.