सैल कणीक

पूनम : या रखमाबाई, खुर्ची अशी जवळ ओढा. तुम्हाला एका चेंडूची गोष्ट सांगते.

रखमा : गोष्ट कसली सांगतेस बाय? पोलादपुराहून येष्टीत उभ्यानं आलोय. ह्यांच्या हाताला म्हशीन लाव नि सोड आमाला.

पूनम : एक होता स्पंजचा चेंडू. महिपतकाका तो रोज डाव्या हातानं दाबतात म्हणे. पण पावसाळा सरला तरी चेंडू नवाकोरा! बोटांचा मळसुद्धा नाही.

रखमा : दाबतात की! मी बघते ना.

महिपत : रखमे, खोटं कशाला? देव बघतोय. नाय दाबत. गवत कापताना विळा मनगटात गेला, मुंबईच्या डॉक्टरानं तुटलेली शीर जोडलीन, नि आता हातात खेळणं! चेंडू दाबून कुणाचा हात बरा झालाय?

रखमा : बिरवाडीत एकजण करंट देतो म्हणतात. तुज्याकडं हाय ना तसली म्हशीन, मग लाव की गो!

पूनम : आहे. पण या हाताला आता काम हवंय. हे घ्या काका.

रखमा : अगो, ही तर कणीक! बाप्याला पोळ्या लाटायला लावतेस? भिंतीवरलं व्यायामाच्या डॉक्टरकीचं सर्टिफिकेट तुझंच ना?

पूनम : माझंच. मळा काका, डाव्या हातानं.

महिपत : सैल हाय.

पूनम : काय?

महिपत : कणीक सैल हाय. धुमेला धरायची नाय. दोन थापांत गळून पडंल.

पूनम : धूम म्हणजे?

रखमा : पखवाजाची डावी बाजू. तिला कणीक थापतात, तेवा तो कीर्तनात घुमतो. आमच्या वाडीच्या सप्त्यात ह्यांचाच पखवाज असायचा. आता गवसणी घालून माळ्यावर टाकलाय.

पूनम : पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, या हातानं काय करायचात? तुम्ही म्हणालात, गवत धरायचो.

महिपत : पखवाज म्हणालो असतो नि तू ‘विसरा आता’ म्हणाली असतीस तर? बुवा अभंग उचलतायत नि मी मंडपात हात बांधून बसलोय... ते तुज्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पूनम : बरं, मग एक सांगा. सैल आहे, हे कुठल्या बोटाला कळलं?

(महिपत डोळे मिटून पुन्हा कणीक दाबतो.)

महिपत : करंगळीच्या शेजारच्या.

रखमा : त्याला तर टाचणी टोचलेली कळत नव्हती! डॉक्टरणीला बरं वाटावं म्हणून तर नाय ना बोलत? परत दाबा बघू.

महिपत : हाय गो. पल्याडच्या डोंगरावरून कुणी हाक मारावी, तसं हाय. बाय, वाजंल का?

पूनम : ते आज नाही सांगणार. जोडलेली संवेदनेची शीर हळू वाढते. पण रोज मळाल?

रखमा : मळतील. नि या खेपेला मी खरंच बघत बसणार हाय!

महिपत : मळीन. गोमाजीबुवांनी मला पखवाज शिकवला. पयली कितीक वर्षं वाद्याला हात लावू दिला नाय, नुसती कणीक मळून घेतली. मी मनात म्हणायचो, म्हातारा फसवतोय. आज त्याच कणकेनं बोट जागं केलंन. बाय, संध्याकाळी देवापुढं दिवा लावशील ना, तेवा त्या म्हाताऱ्याची आठवण काढ.