जित्या माणसाचा टाक

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. परभणीजवळ विद्यापीठाचे जे कलासंकुल आहे, चित्र, शिल्प, नृत्य आणि नाट्य शिकवणारे, तिथे मी ग्रंथपाल आहे. आयुष्यभर इतरांची पुस्तके मांडून ठेवली. स्वतः एक ओळ लिहिण्याचे धैर्य झाले नाही. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या धुरपताबाईंनी मला जे सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत उतरवले आहे. काही चुकले असेल, तर तो दोष माझ्या कानांचा.

माजं माहेर चुडाव्याचं, सासरबी तिथंच, गल्ली तेवढी बदलली. आमी दोघी बहिणी, कोंडा थोरली, मी धाकटी, आन् काय सांगू बाई तुमाला, तोंडं अशी सारखी की खोड्या तिनं कराव्या आन् मास्तरानं छड्या मला द्याव्या. फरक एकच, ती लहानपणी उखळावर पडली, तिच्या डाव्या भुवईत खाच राहिली. ती नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेली, ती परत आलीच न्हाई. दाजी म्हणला, पाण्याला गेली होती, कळशी सापडली, ती न्हाई. नऊ वर्सं झाली. आमच्यात मेलेल्या माणसाचा टाक करत्यात, चांदीच्या पत्र्यावर मूर्ती ठोकून देव्हाऱ्यात बसवायची. भाऊबंद म्हणायलेत, कोंडाचा टाक करून टाका, तिचा जीव भटकायलाय. माय म्हणती, जित्या माणसाचा टाक करत्यात का?

तर मी रोज पॅसेंजरनं इथं येते, समदे हॉल झाडते. नाचाच्या हॉलमदी भिंतभर आरसे हायेत, झाडायला वाकलं की धा धुरपता वाकत्यात, आदी लय भ्यायचे, मग सवय झाली. जिंतूरची रेणुका हाय न्हाई का, मूर्ती करायला शिकायलीय, ती म्हणली, मावशी, माज्यासमोर बसा, मातीत तुमचं तोंड करते. मी म्हणलं, बसू का झाडू? पोरी हसल्या, म्हणल्या, मावशी, आता एक तोंड काम करंल आन् एक आराम करंल. आठ दिवस बसले. नवव्या दिवशी बघितलं तर डाव्या भुवईत खाच. म्हणलं, हे काय केलंस गं? ती म्हणली, तुमच्या भुवईला हायच की मावशी, बघूनच केली. मी नाचाच्या हॉलमदी पळाले, धा आरशांत भुवई बघितली, कुठंच खाच न्हाई. माघारी आले, तर कोंडा माज्याकडं बघायली होती.

माती वाळली की तडकती, म्हणून ओलं फडकं गुंडाळून ठेवत्यात. सुट्टी लागली, रेणुका म्हणली, मावशी, रोज भिजवा, मी आले की प्लास्टरचा साचा घेऊ, माती खरवडून काढावी लागंल पन तोंड कायमचं राहील. मी रोज दुपारी भिजवायले. एक रविवार येनं झालं न्हाई. सोमवारी बघते तर फडकं खडखडीत वाळलेलं आन् आत माती ओली, डोळ्याच्या कडंला तर जास्तच.

मग मायला आणलं. तिला मोतीबिंदू हाय, तिनं हातानंच बघितलं, कपाळ, नाक, मग बोट भुवईवर थांबलं. म्हणली, कोंडे, अंग तापलंय का गं तुजं? आन् पदर भिजवून तोंड पुसायली. मी हात लावला. बाई, रोज गार लागणारी माती त्या दिवशी कोमट होती. जाताना गाडीत म्हणली, धुरपते, हिला वाळू देऊ नको, आन् कायमचं बी करू देऊ नको, कायमचं म्हंजे टाकच की.

रेणुकेचा काय दोष, ह्याच मूर्तीवर लेकराची परीक्षा हाय, देव तिला यश देवो. पन सुट्टीत समद्या हॉलच्या किल्ल्या तुमच्यापशी असत्यात बाई, म्हणून सांगितलं. फडकं भिजवून आलेय.

उद्या सकाळी रेणुका साचा घ्यायला येणार आहे. तो घेतला नाही, तर तिचे वर्ष वाया जाईल. घेतला, तर एका म्हातारीची मुलगी जाईल. शिल्पदालनाची किल्ली माझ्यासमोर मेजावर आहे. आज दुपारी मीही त्या मातीला हात लावून आले. तुमच्याकडे असती, तर तुम्ही ही किल्ली दिली असती का?