उमरग्याची आत्या खाटेवरून गायब झाली

आमच्या उमरग्याच्या आत्याचं सांगतो तुम्हाला. कमरेचा मणका झिजून तिची नस दबली होती. गल्लीच्या टोकाला जायचं म्हटलं तरी पाय बधिर व्हायचे आणि ती मधेच कुणाच्या तरी ओट्यावर बसायची. डॉक्टर ऑपरेशन सांगत होते, तर शेजारपाजारचे तिच्या डोक्यात भरवत होते, "मणक्याला हात लावला की माणूस कायमचा खाटेवर." शेवटी मीच समजूत घालून तिला सोलापूरला नेलं. ऑपरेशन झालं आणि ती रात्र मी तिच्या खाटेशेजारीच बसून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन वर आलो, तर खाट रिकामी. मी आणि नर्स धावतच सुटलो. तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून आत्याचा आवाज आला. कमरेला पट्टा, हाताखाली वॉकर, आणि बाईसाहेब उभ्यानं कुणाशी तरी कन्नडमधून गप्पा मारत होत्या. समोरची बाई ऑपरेशनला घाबरून घरी निघाली होती. आत्या एकेक पाय उचलून तिला दाखवत होती. बघता बघता ती बाई डोळे पुसत हसली आणि भरलेली पिशवी तिनं परत खाटेखाली सरकवली.

इतक्यात डॉक्टर आले. म्हणाले, "मावशी, तुम्हाला फक्त दारापर्यंत चालायला सांगितलं होतं ना?"

आत्या म्हणाली, "दारापर्यंतच आले की, सायेब. कुठल्या दारापर्यंत, ते तुमी सांगितलंच न्हाय."