मंगळवारची टोचणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय हैबतराव, आरोग्य खात्यातर्फे वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर पुष्कर साहेब, सत्कारमूर्ती सगुणाताई, आणि शेतातली, मिठागरावरची कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी दामोदर मास्तर. पेणला शाळेत इतिहास शिकवला, म्हणून गावात कोणाला निरोप द्यायचा असला की मला उभं करतात. आपल्या दवाखान्यातले डॉक्टर गेले तेव्हा मीच बोललो. कंपाउंडर गेले तेव्हाही मीच. शाल त्याच दुकानातली, आणि ‘लवकरच नवीन माणूस येईल’ हे आश्वासनही तेच. आज नर्सबाईंची, म्हणजे आपल्या सगुणाताईंची पाळी. त्यांच्यामागे दवाखान्यात राखायला कुलूप तेवढं उरतं.

इतिहासाचा माणूस आहे, तेव्हा थोडं मागे जातो. हैबतराव घड्याळ बघतायत, ते मला दिसतंय. इंग्रजांच्या अमदानीत या खाडीकाठी देवी टोचायला सरकारी माणूस यायचा. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत. तो बांधावर दिसला की बाया पोरं उचलून खारफुटीत पळायच्या. का नाही पळणार? जे सरकार मिठावर कर घेतं, तेच औषध फुकट देतं, यावर मिठागरातल्या माणसानं विश्वास ठेवायचा कसा? शेवटी, जुनी माणसं सांगत, एक देवी डॉक्टर हट्टाला पेटला. त्यानं टेबल थेट शितळादेवीच्या अंगणात मांडलं, देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि म्हणाला, आता तिच्या डोळ्यांदेखत टोचतो. बाया आल्या. तेव्हापासून आपल्याकडे टोचणी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, देवळात, आणि नैवेद्याचा पहिला घास टोचणाऱ्याला. इंग्रज गेले, देवीचा रोग गेला, पोलिओच्या, गोवराच्या लशी आल्या. मंगळवार राहिला.

सगुणाताई रोह्याच्या पलीकडच्या, अष्टमीच्या. नवीन होत्या तेव्हा त्यांना हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. पण दवाखान्यात न येणाऱ्या बाया देवळात रांग लावतात, हे पाहिल्यावर त्यांनीही टेबल तिथेच मांडलं. एकही पोर टोचल्याशिवाय राहत नसे. बाहेरचं कोणी आलं की मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, आमच्या देवीनं सरकारला जागा दिली म्हणून. एवढा विश्वास कधी अंगावर येईल, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ताईंना दुसऱ्या केंद्राच्या कामाला धाडलं. मंगळवार चुकला, आणि तो चुकणार हे गावात सांगायला कोणी नव्हतं. आपली भाविका, ती बघा मागे बसली आहे, तिची मनस्वी तेव्हा गोवराच्या लशीच्या वयाला आलेली. पोरीला मांडीवर घेऊन ती दुपार टळेपर्यंत देवळात बसली. पुढच्या महिन्यातही बसली. पेण काही लांब नाही. पण रीत ती रीत, ताई येणारच, असा तिचा भरवसा. ताईंच्या आधी गोवर आला, तो छातीत उतरला. पेणहून अलिबागला नेताना वडखळच्या पुढे पोर गेलं. त्यानंतर दोन गाड्या भरून पथक आलं आणि घरोघर टोचून गेलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

ताई धावत आल्या, तेव्हा भाविका त्यांना एक शब्द वाकडा बोलली नाही. एवढंच म्हणाली, “ताय, मी तुजीच वाट बघत व्हते गो.”

त्या दिवसापासून ताईंनी देवीचा घास तोंडाला लावलेला नाही. मला तेव्हा फार राग आला होता. अजून येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

निवृत्तीची वेळ आली तेव्हा ताईंनी मुदतवाढ मागितली, मिळाली नाही. बिनपगारी येते म्हणाल्या, तर ते नियमात बसत नाही. लशीची निळी पेटी आज सकाळी त्यांच्याकडून जमा करून घेतली. आणि मघाशी चहाच्या वेळी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, की मास्तर, नवीन कोणी येणार नाही, ते पदच गेलं. साहेब भले गृहस्थ आहेत. त्यांच्या हातात काही असतं, तर त्यांचा चहा असा गार झाला नसता.

पूर्वी टोचणारा यायचा आणि लोक पळायचे. त्यांना एका जागी बसवण्यात पिढ्या गेल्या. आता लोक बसलेत. मग आम्ही त्यांना शिकवलं ते काय?

ताईंना मी विचारलं, आता अष्टमीला नातवंडांत आराम ना? तर म्हणाल्या, “नाय मास्तर. मंगळवारी येनार हाय. टोचायला काय नाय आता. पन वाट बघू नका, पेणला जा, येवढं सांगायला तरी कोनी पायजे.”

ताई, या गावाला तुमचं ऋण फेडता येणार नाही, आणि ही शाल काही ते फेडत नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. आणि साहेब, ‘पद गेल्याचं तेवढं भाषणात काढू नका’ असंही आपण चहाच्या वेळी म्हणाला होतात. तेवढी एक चूक मी समजून उमजून केली. तिची मात्र माफी मागत नाही.